सावल्या बंद, गवत बंद

लेव्हलकाकांना गाडी धक्का न देता थांबवता येत होती, आणि त्यांच्या मते माणसाला एवढं आलं की पुरे.

गाडी खरी नव्हती, संगणकावरच्या खेळातली होती. पण हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. "खरी नाही म्हणजे काय? ब्रेक आहे, उतार आहे, वजन आहे. रूळ ओले असले की चाक घसरतं. खरं असायला आणखी काय लागतं?" असं ते विचारत, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या सिग्नलकडे डोळे लावत.

लेव्हल हे नाव कामावर पडलं. त्यांचा उभा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेला. लोकांना वाटतं, लिफ्टचं काम म्हणजे वर-खाली नेणं. ते काय, बादली आणि दोरसुद्धा करतात. खरं काम थांबण्याचं. लिफ्टची फरशी मजल्याच्या फरशीला बरोबर लागली पाहिजे. बोटभर वर राहिली की म्हातारी माणसं ठेचकाळतात, बोटभर खाली राहिली की हातगाडीचं चाक अडकतं. काका हाताखालच्या मंडळींवर "लेव्हल बघ! लेव्हल!" असं इतकं ओरडत, की मंडळींनी तेच नाव त्यांना परत केलं. दुरुस्ती झाली की काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला लिफ्टमध्ये खाली ठेवायचा, शेवटच्या मजल्यापर्यंत न्यायचा, परत आणायचा. थेंब सांडला तर पुन्हा गच्चीवरच्या मशीन रूममध्ये चढायचं आणि ब्रेक नव्यानं लावायचा. कंपनीच्या नियमात हा पेला कुठेही नव्हता. साहेब वैतागत. म्हणत, "अहो, माणसं न्यायचीत, सरबत नाही." काका पेला भरून घेत.

असा माणूस राहायला मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. त्यावर बायकोनं जे बोलायचं ते लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच बोलून झालं होतं. "साऱ्या जगाला वर नेलंत, माझ्या नशिबी तेवढा जिना," हे वाक्य वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालं होतं, की ते कानावर आलं तरी काका नुसती मान डोलवत.

निवृत्तीनंतर लेकीनं तिच्या कचेरीत बाद झालेला संगणक घरी आणून ठेवला. हेतू असा, की बाबांनी त्यावर नातेवाइकांशी बोलावं. नातेवाइकांशी बोलण्यापेक्षा बरं असं त्यावर पुष्कळ काही असतं हे बाबांना लवकरच कळलं, आणि त्यांनी रेल्वे चालवण्याचा खेळ शोधून काढला. मग कळफलक बाजूला सारला. भंगारात निघालेल्या एका जुन्या, हातानं चालवायच्या लिफ्टचा पितळी दांडा त्यांनी माळ्यावरून काढला, एका स्वस्त जॉयस्टिकच्या आतड्यांना जोडला आणि टेबलाच्या कडेला नटबोल्टनं आवळून टाकला. पुढे ढकलला की वेग, मागे ओढला की ब्रेक. तो दांडा रोज पुसला जाई. त्या घरात रोज पुसली जाणारी दुसरी वस्तू नव्हती.

संगणक मात्र कचेरीत पत्रं लिहायला घेतलेला. त्याच्याकडून डोंगर-नद्या ओढून घ्यायच्या म्हणजे शेळीला नांगराला जुंपायचं. चित्र देखणं करावं तर गाडी अडखळते, आणि गाडी सुरळीत चालवावी तर चित्र ओकंबोकं. हा पेच तो खेळ खेळणाऱ्या सगळ्यांनाच पडतो. इंटरनेटवर त्यावरून माणसं एकमेकांची अक्कल काढत असतात. एकाला पानं हवीत, दुसऱ्याला वेग. काकांना पेच पडलाच नाही. सेटिंगचं पान उघडून, घराबाहेर पडताना दिवे मालवावेत तसे ते एकेक बटण बंद करत गेले. सावल्या बंद. गवत बंद. पाण्यातलं प्रतिबिंब बंद. ढग बंद. दूरची झाडं बंद. जवळची बंद होईनात, म्हणून ती शक्य तितकी हलकी केली. सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसे. तो घसरला की काकांचा चेहरा मुलाला ताप भरलेल्या आईसारखा होई. तो स्थिर राहिला की ते राखाडी आभाळाखालून, बोडक्या माळावरून, रंगीत पुठ्ठ्याच्या गावांमधून गाडी नेत, आणि फलाटावरच्या खुणेला अशी आणून उभी करत की आत पेला असता तर पाण्यावर तरंग उठला नसता.

काकूंची नजर वेगळ्या शाळेत घडलेली. त्या फोटो स्टुडिओत रिटचिंगचं काम करत. आधी निगेटिव्हवर पेन्सिलीनं आणि दोन केसांच्या कुंचल्यानं, पुढे संगणकावर. गालावरचे फोड, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सदऱ्यावरचा डाग, सगळं जाई. भांडण झाल्यावर घरच्या मोठ्या फोटोतून एखादा दीर काढून टाकायचा असला तरी लोक त्यांच्याकडेच येत. दीर गेला की त्याच्या जागी मागची भिंत अशी भरायची, की इथे कधी कुणी उभं होतं असा संशयही येऊ नये. त्यातली एक मंडळी समेट झाल्यावर दिराला परत आणून बसवा म्हणून आली, तेव्हा काकूंनी त्यांना "आधी घरात ठरवून या" म्हणून वाटेला लावलं होतं.

नवऱ्याचा खेळ त्यांनी येता-जाता पाहिला होता, पण त्याकडे लक्ष द्यायला त्यांना फुरसत नव्हती. भाजी, वाचनालय, मैत्रिणी, खालच्या कुलूप-किल्लीवाल्याशी वाद. त्यांचा बराचसा दिवस रस्त्यावर जाई. मग एके दिवशी पहिल्या मजल्याच्या वरच्या वळणावर पाय घसरला, आणि मांडीचं हाड मोडलं.

हाडात सळई घालून डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं. खुर्चीत बसवून दोघा हमालांनी तीन मजले वर आणलं. त्या वरातीत काकूंनी डोळे मिटून घेतले होते. आतली खोली अरुंद, काठी घेऊन वळायला जागा नाही, म्हणून खाट बाहेरच्या खोलीत आली, ती नेमकी संगणकाच्या शेजारी. खोलीला खिडकी होती, पण तिच्यातून शेजारच्या इमारतीची पाठ आणि तिच्यावरून उतरणारे पाइप दिसत. ऊन त्या फटीत येतच नसे.

पहिले काही दिवस काकूंनी भिंतीकडे तोंड करून काढले. बोलायचं ते पाठमोऱ्या बोलत. लेकीचा फोन आला की "बरी आहे" म्हणून काकांकडे देत. मग एकदा मान अवघडली म्हणून कूस बदलली आणि नजर पडद्यावर गेली.

"अहो, ही झाडं आहेत की खराटे?"

काकांनी सिग्नलवरची नजर हलवली नाही. "झाडं."

"उलटे गाडलेले खराटे आहेत. आणि आभाळाला काय झालंय? ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं."

"गाडी बघ. कशी चालली आहे बघ ना."

"गाडी काय बघायची? आपण गाडीतच आहोत." काकू कोपरावर टेकून उठल्या. "डावीकडे काय आहे?"

"डावीकडे बघायचं नसतं. मी चालक आहे."

"मी नाहीये."

काकांनी गाडी पुढच्या स्थानकात उभी केली आणि मगच, नियमाप्रमाणे, डाव्या खिडकीचं दृश्य लावलं. बाहेर हिरवा रंग दिलेला पुठ्ठा होता आणि त्याच्या टोकाला निळ्या रंगाची पट्टी.

"ती निळी पट्टी काय?"

"नदी."

काकू बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चालक माणसाची बायको होण्यापेक्षा उतारू झालेलं बरं म्हणतात, पण इथे उतारूंचे पण हालच आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून विचारलं, की ही नदी जरा नदीसारखी दिसायची काही सोय आहे का. काकांना खोटं बोलता येत नसे, म्हणजे अजून यायचं होतं. त्यांनी सेटिंगचं पान उघडून दाखवलं. काकूंचा त्या बाबतीत हात बसलेला. त्यांनी काठीच्या टोकानं दाखवत सगळी बटणं चालू करायला लावली. सावल्या आल्या, गवत आलं, ढग आले, नदीत ढग आले. काकू "अगंबाई!" म्हणून चक्क सावरून बसल्या. आणि गाडी सुटली ती उचकी लागल्यासारखी. थांब, उडी. थांब, उडी. वळणावर चित्र गोठलं; काकांनी ब्रेक ओढला; चित्र भानावर आलं तोवर फलाट मागे राहिला होता आणि गाडी स्थानकाबाहेरच्या शेतात उभी होती.

काकांनी दांड्यावरचा हात काढला आणि मांडीवर पुसला. उभ्या आयुष्यात त्यांची लिफ्ट कधी दोन मजल्यांच्या मध्ये उभी राहिली नव्हती.

"किती छान जागी थांबवलीत," काकू म्हणाल्या.

मग तोडगा निघाला. एक दिवस काकांचा, एक दिवस काकूंचा. काकांच्या दिवशी काकू वर्तमानपत्र वाचत आणि मोठ्यानं जांभया देत. काकूंच्या दिवशी काका दात आवळून गाडी हाकत आणि प्रत्येक उचकीला "हे बघ, हे बघ" म्हणत. असा संसार किती दिवस चालणार? काकांनी शेवटी लिफ्टला घालत तसा त्या यंत्राला हात घातला. काय लावलं की काय अडतं ते एकेक करून तपासलं. सावल्या जवळच्या तेवढ्या ठेवल्या. गवत रुळांच्या कडेचं ठेवलं, डोंगरावरचं काढलं; डोंगरावरचं गवत कोण मोजतंय? नदीचं प्रतिबिंब फक्त पुलाआधी गाडी थांबवून चालू करायचं आणि पूल ओलांडला की थांबून बंद करायचं. मुख्य म्हणजे त्यांनी वेगवान गाडी सोडली आणि मालगाडी घेतली. वेग कमी असला की पुढचं चित्र जुळवायला यंत्राला उसंत मिळते, आणि उतारूला बघायला. मालगाडीत उतारू नसतात हे त्यांनी बोलून दाखवलं. काकू म्हणाल्या, "मी कोळशावर बसते."

हे जमलं आणि घराचं रूप पालटलं. काकू सकाळी वेणी घालून तयार बसू लागल्या. "आज कुठे?" असं विचारू लागल्या. दुपारी चहाचे दोन पेले टेबलावर येत, आणि पुढचे दोन तास मालगाडी दऱ्यांमधून, पाणथळीच्या कडेनं, विटांच्या गावांमधून रमतगमत जाई. काकू बाहेरचं बघून नवऱ्याला सांगत, कारण चालकाला बघायचं नसतं. "घरावर कपडे वाळत घातलेत. तोच सदरा मागच्या गावात पण होता." "फलाटावर ती लाल पिशवीवाली पुन्हा उभी आहे. हिला कुणी घ्यायला येत नाही वाटतं." काका हसत. एवढं बोलणं त्यांच्यात कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि दोघांपैकी कुणीही तसं म्हणालं नाही हे शहाणपणाचंच झालं.

आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घ्यायला एक फिजिओ बाई येत. तरुण, ठणठणीत, बोलायला फटकळ. काकू खोलीतल्या खोलीत छान चालत. पण "आता जिना" म्हटलं की त्यांचं एकच उत्तर: "उद्या." उद्याचं परवा होई. एकदा दारापर्यंत गेल्या, खाली वाकून वळण पाहिलं, आणि परत येऊन खाटेवर बसल्या.

त्या दिवशी बाई निघाल्या तशी त्यांनी काकांना खुणेनं बाहेर बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"काका, स्पष्ट सांगू?"

"तुम्ही कधी अस्पष्ट सांगितलंय?"

"काकूंचा गुडघा जिन्याइतका वाकत नाहीये. वाकवला नाही तर आखडेल, आणि आखडला की जन्मभर ह्या तीन खोल्या. हे मी घाबरवायला सांगत नाही, असे पेशंट मी पाहिलेत. आणखी महिनाभर त्या उतरल्या नाहीत तर मग मी येऊन उपयोग नाही."

"ती म्हणते ना, उद्या."

"म्हणणारच! तुम्ही सगळं बाहेर आत आणून दिलंय. नदी आहे, झाडं आहेत, चहा आहे. मीसुद्धा उतरले नसते."

बाई धडधड जिना उतरून गेल्या. काका दाराबाहेर उभे राहिले. वर्षानुवर्षं त्यांनी माणसांना जिन्यापासून वाचवलं होतं, आणि आता तेच त्यांच्या अंगाशी आलं होतं.

खोटं बोलायला ते त्या दिवसापासून शिकले. सरळ खेळ बंद करावा तर भांडण होईल, काकू पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. तेव्हा त्यांनी त्यांच्या पद्धतीनं, धक्का न देता करायचं ठरवलं. रोज थोडं थोडं काढायचं. आज डोंगरावरची उरलीसुरली झुडपं. उद्या गावातली वाळत घातलेली कपड्यांची दोरी. परवा सावल्या जरा आखूड. चांगला ब्रेक असाच लागतो. आतल्या माणसाला थांबल्यावरच कळतं की थांबलो. चित्र हळूहळू इतकं रटाळ होईल की बायको आपणच उठून म्हणेल, चला खाली जाऊ. हिशेब पक्का होता. फक्त आपली बायको कोण आहे हे त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. जिनं पोटापाण्यासाठी फोटोंतून माणसंच्या माणसं अशी गायब केली की मागे चरा उरू नये, तिच्या डोळ्यांदेखत हा बुवा झुडपं चोरायला निघाला होता.

काकूंनी पहिल्याच दिवशी ओळखलं. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. किती जातंय ते त्या बघत राहिल्या. लाल पिशवीवाली फलाटावरून नाहीशी झाली त्या दुपारी त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"ती बाई कुठे गेली?"

"आली असेल तिला न्यायला कुणी."

"आणि दोरीवरचे कपडे?"

"वाळले असतील."

"आणि डोंगर तासलात तो?"

काकांनी गाडी थांबवली. मध्येच, सिग्नल हिरवा असताना. "यंत्र तापतं," ते म्हणाले. "जुनं आहे. फार भार सोसत नाही आता."

काकू काठी टेकत उठल्या, टेबलाशी आल्या, माउस हातात घेतला आणि सेटिंगचं पान उघडलं. एकेक आकडा खाली आणलेला समोर दिसत होता.

"यंत्र तापतं तर पंखा लावायचा. झाडं कापत नाहीत कुणी." आवाज चढला नव्हता; चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं. "आणि कापायची तर नीट कापा. झाड काढलंत आणि त्याची सावली तशीच ठेवलीत. तीन दिवस मी ती सावली बघतेय. आमच्या स्टुडिओत असतात तर पहिल्याच दिवशी हाकललं असतं तुम्हाला."

"मला तुला..."

"मला खाली घालवायचंय. कळलंय मला. दाराला कान नाहीत, फट आहे. त्या बाईचा आवाज खालच्या कुलूपवाल्यानं पण ऐकला असेल. मग हे सरळ सांगायला काय झालं होतं?"

"सरळ सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले," काकू म्हणाल्या. "पण निदान चोरासारखी झाडं गेली नसती."

त्यांनी सगळी बटणं चालू केली. एकूण एक. डोंगरावरच्या गवतासकट. मग खुर्ची ओढून त्या पडद्यासमोर बसल्या आणि काका बाजूला उभे राहिले, दांड्यावर हात नाही, काय करावं सुचत नाही. गाडी उभीच होती, त्यामुळे यंत्राला काही जड गेलं नाही. चित्र लखलखीत उभं राहिलं. रुळांच्या कडेला एक मोठं झाड, खेळातली दुपार, आणि झाडाखाली सावली.

काकू नाक पडद्याला लागेल इतक्या जवळ गेल्या. "शी!"

"आता काय?"

"ही सावली बघा. काळी. डांबर ओतल्यासारखी."

"सावली काळीच असते."

"उन्हातली सावली काळी नसते. तिच्यात आभाळ उतरलेलं असतं. निळसर असते. कडेला ऊब असते थोडी. काळी सावली बल्बच्या उजेडात."

"अगं, सावली म्हणजे उजेड नसणं. उजेड नाही म्हणजे काळं. ह्यात निळं कुठून येणार?"

"तुम्ही जन्मभर लिफ्टच्या विहिरीत उभे राहिलात. तिथे सगळंच काळं."

"आणि तू डार्करूममध्ये! तिथे काय निळं होतं?"

काकूंना हसू आलं होतं, ते त्यांनी गिळलं. काकांना वाटलं, वाद इथे मिटवावा. ते म्हणाले, "बरं बाई, असेल निळी. तुझंच खरं."

एवढंच ते बोलले, आणि काकू ताडकन उठल्या. इतक्या महिन्यांत त्या अशा उठल्या नव्हत्या. आजारी माणसाला सगळे "तुझंच खरं" म्हणत होते. लेक फोनवर म्हणत होती, डॉक्टर म्हणत होते. आता हाही म्हणायला लागला.

"माझंच खरं, असं नाही म्हणायचं. बघायचं, आणि मग म्हणायचं. कुलूपवाल्याच्या दुकानासमोर झाड आहे ना अजून?"

"आहे."

"ऊन आहे?"

काकांनी सवयीनं खिडकीकडे पाहिलं. पाइपांवरून काही कळण्यासारखं नव्हतं. "असेल. दुपार कलतेय."

"मग ऊन जायच्या आत चला. चपला द्या माझ्या. त्या नाहीत, मागे पट्टा आहे त्या."

दारापर्यंत सगळं रागाच्या भरात पार पडलं. दारात राग संपला आणि जिना सुरू झाला. काका एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला नाही. नुसता कठड्याजवळ ठेवला, लागला तर असावा म्हणून.

"दुखरा पाय आधी," ते म्हणाले. "उतरताना दुखरा, चढताना चांगला."

"माहीत आहे. माझा पाय आहे."

दुखरा पाय खाली. काठी. चांगला पाय. गुडघा वाकताना काकूंच्या तोंडून एक आवाज निघाला आणि काकांनी तो ऐकलाच नाही असा चेहरा केला. एक पायरी झाली. मग दुसरी. काका उलटे उतरत होते आणि प्रत्येक पायरीवर तिची टाच टेकेपर्यंत हलत नव्हते. दुसऱ्या मजल्यावर काकूंनी दम घेतला. खालच्या वळणाशी आल्या आणि थांबल्या.

इथेच पडल्या होत्या. पायरी तीच, कठड्याचा निघालेला पोपडा तोच. काठी वरच्याच पायरीवर राहिली. काकांकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यातलं काहीही बोललं असतं तरी काकू वळून वर गेल्या असत्या. त्यांनी आपलं वजन दोन्ही पायांवर सारखं घेतलं आणि भिंतीसारखे उभे राहिले. खालून किल्ली घासण्याचा किरकिर आवाज येत होता.

"असे चित्र अडकल्यासारखे काय उभे राहिलात?" काकू म्हणाल्या. "मागे सरा की."

ते सरले. दुखरा पाय खाली आला.

रस्त्यावर ऊन होतं. कुलूपवाल्यानं किल्ली घासायची थांबवून "अरे वा, काकू!" म्हटलं. काकूंनी त्याला हातानं गप्प केलं आणि काठी झाडाच्या बुंध्याकडे रोखली. फरसबंदीवर सावली पडली होती. पानांच्या फटींतून आलेले उन्हाचे गोल त्यात हलत होते.

"बघा."

काका वाकले. गुडघ्यांवर हात ठेवून, लिफ्टची फट बघत तसे, त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"करडी आहे," ते म्हणाले.

"निळी."

"काळी नाही, हे मान्य. पण निळी नाही. करडी."

काकूंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो मन राखायला बोलत नव्हता. त्याला खरंच करडी दिसत होती, आणि तो मरेपर्यंत करडीच म्हणणार होता. काकूंचा चेहरा उजळला.

"चष्मा बदला," त्या म्हणाल्या, आणि कुलूपवाल्यानं पुढे सरकवलेल्या स्टुलावर बसल्या. ऊन गुडघ्यावर घेत, रस्ता बघत. मग मान वर करून त्यांनी तिसरा मजला पाहिला.

"आता वर कोण नेणार?"

"चांगला पाय आधी," काका म्हणाले.

"हो का? आणि लिफ्टवाल्याशी लग्न कशाला केलं होतं मी?"

चढायला खूप वेळ लागला. प्रत्येक मजल्यावर थांबावं लागलं, आणि प्रत्येक मजल्यावर काका हळूच म्हणत होते, "लेव्हल."

फिजिओ बाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा दाराला कुलूप होतं. त्या खाली आल्या तर काकू झाडाखाली स्टुलावर बसून कुलूपवाल्याशी कुठल्याशा जुन्या किल्लीवरून वाद घालत होत्या. बाईंनी व्यायाम जिन्यातच करून घेतला. गुडघा अजून पुरता वाकत नव्हता. वाकेल, असं बाई म्हणाल्या. आणि त्या कुणाचं मन राखायला बोलत नसत.

खेळ बंद झाला नाही. तो फक्त दिवेलागणीला, खालून वर आल्यावर सुरू होई. पहिल्याच संध्याकाळी काकूंनी माउस घेऊन सेटिंगचं पान उघडलं आणि सावल्यांचं बटण बंद केलं.

"अगं, का?" काका चकित झाले. "तुलाच तर हव्या होत्या."

"चुकीची सावली असण्यापेक्षा नसलेली बरी. गवत पण काढा, ते प्लॅस्टिकचं आहे. नदी राहू दे."

काकांनी गवत काढलं. कोपऱ्यातला आकडा वर चढला आणि तिथेच स्थिर राहिला. त्यांनी मालगाडी सोडून पुन्हा वेगवान गाडी घेतली, दांडा पुढे ढकलला, आणि बोडक्या माळावरून गाडी तेल घातल्यासारखी निघाली. पूल जवळ आला तसे ते गाडी थांबवून प्रतिबिंब चालू करणार, तोच लक्षात आलं की काकू पडद्याकडे बघतच नाहीत. दुखरा पाय उशीवर ठेवून त्या खाटेवर आडव्या झाल्या होत्या, जिन्याच्या चढउतारानं थकून डोळा लागला होता.

काकांनी प्रतिबिंब चालू केलं नाही. निळ्या पट्टीवरून गाडी पलीकडे गेली, आणि पुढच्या स्थानकात त्यांनी ती नेहमीपेक्षाही हळू उभी केली.